ताळेबंदाचा पाठ आणि कापसाचा जिल्हा

वाणिज्य शाखेचे शिक्षण म्हणजे जमाखर्च लिहिण्याचे शिक्षण, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. दुकानाची खतावणी, बँकेतील कारकुनी आणि फार तर प्राप्तिकराचे विवरणपत्र, एवढ्यापुरतेच त्या शिक्षणाचे क्षेत्र मानले जाई. आज ही समजूत मागे पडत आहे. उद्योगाला भांडवल कोठून मिळवावे, ते कशात गुंतवावे, मिळालेल्या नफ्यापैकी किती वाटावा आणि किती राखून ठेवावा, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारे कंपनी वित्तव्यवस्थेचे शास्त्र आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतूनही शिकविले जाते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मध्ये झाली. त्याच्या कक्षेतील यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थीही या विषयाकडे वळले आहेत.

हा विषय केवळ मोठ्या शहरांतील कारखानदारीपुरता मर्यादित नाही. सोळा तालुक्यांच्या या कापूस उत्पादक जिल्ह्यात त्याचा संबंध शेतकऱ्याने भागभांडवल म्हणून भरलेल्या रकमेशी येतो. म्हणूनच विद्यार्थी हा विषय कसा शिकतात आणि त्या शिक्षणाचा गावाला कोणता उपयोग आहे, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

स्पर्धेतून शिक्षण

व्यवस्थापनाच्या शिक्षणात प्रत्यक्ष उदाहरणावरून शिकविण्याची पद्धत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशाळेने रूढ केली. ही प्रशाळा १९०८ मध्ये सुरू झाली. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्ण तपासून शिकतो, तसा व्यवस्थापनाचा विद्यार्थी एखाद्या उद्योगाची अडचण तपासून शिकतो, हे तिच्यामागील तत्त्व होय. भारतात अहमदाबाद येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ही पद्धत स्वीकारली. महाराष्ट्रात १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली.

याच पद्धतीतून पुढे स्पर्धात्मक चर्चासत्रांची प्रथा आली. सीएफए इन्स्टिट्यूट या जागतिक संस्थेची विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेली ‘रिसर्च चॅलेंज’ ही स्पर्धा या प्रकारची आहे. तीत तीन ते पाच विद्यार्थ्यांचा संघ एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा अभ्यास करतो, लेखी अहवाल सादर करतो आणि त्या कंपनीचा भाग घ्यावा, विकावा की राखावा याविषयीचे आपले मत परीक्षकांपुढे मांडतो. अनेक महाविद्यालये व संस्था लहान प्रमाणावर अशीच चर्चासत्रे भरवितात. विद्यार्थ्यांच्या हाती एखाद्या उद्योगाची काही वर्षांची हिशेबपत्रके देण्यात येतात. ठराविक मुदतीत त्यांनी निर्णय घ्यावयाचा असतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांचे निवेदन आणि मग प्रश्नोत्तरे, असा क्रम असतो. स्पर्धेची खरी कसोटी प्रश्नोत्तरांतच लागते. पाठ केलेली व्याख्या तेथे उपयोगी पडत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून अशा स्पर्धेस जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन अडचणी प्रामुख्याने असतात. पहिली इंग्रजी संभाषणाची आणि दुसरी संगणकावरील तक्ते झपाट्याने तयार करण्याच्या सवयीची. शहरातील विद्यार्थी या दोन्ही बाबतींत पुढे असतो. परंतु कापूस, तेलबिया किंवा डाळ यांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाचे उदाहरण पुढे आले की हे अंतर बरेच कमी होते. खरेदीचा हंगाम केव्हा सुरू होतो, पहिल्या वेचणीच्या व शेवटच्या वेचणीच्या मालात फरक का पडतो, पावसाने माल भिजला तर उतारा किती घटतो आणि शेतकऱ्याला पैसे का लगेच हवे असतात, हे ज्याने घरी पाहिले आहे त्याला ताळेबंदातील आकड्यांमागील कारणे लवकर उमगतात. ग्रामीण विद्यार्थ्याचे हे ज्ञान ही त्याची उणीव नसून त्याचे भांडवल आहे, हे शिक्षकांनी त्याच्या मनावर आवर्जून बिंबविले पाहिजे.

पहिला पाठ : खेळते भांडवल

चर्चासत्रात विद्यार्थ्यास सर्वप्रथम समजते ते असे की, नफा आणि रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हिशेबात नफा दिसत असतानाही रोकडीअभावी उद्योग बंद पडू शकतो. जिनिंग-प्रेसिंगच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

एक क्विंटल कापसापासून सुमारे ३४ किलो रुई मिळते आणि उरलेल्या भागात मुख्यत्वे सरकी असते. रुईची एक गाठ १७० किलोची धरली जाते. म्हणजे एका गाठीस सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. दररोज १०० गाठी बांधणाऱ्या कारखान्यास ५०० क्विंटल कापूस हवा. हिशेबाच्या सोयीसाठी कापसाचा भाव क्विंटलला ७,००० रुपये धरला, तर केवळ कापूस खरेदीसाठी रोज ३५ लाख रुपये लागतील. कापूस घेतल्यापासून रुई व सरकी विकून पैसे हाती येईपर्यंत २० दिवस जात असतील, तर कोणत्याही वेळी सात कोटी रुपये मालात व येण्यात अडकून राहतील. ही रक्कम दहा टक्के व्याजाची असल्यास १२० दिवसांच्या हंगामात व्याजापोटी सुमारे २३ लाख रुपये जातील.

हीच फेरी २० दिवसांऐवजी १५ दिवसांत पूर्ण झाली, तर अडकणारी रक्कम सव्वापाच कोटींवर येते आणि व्याज सुमारे सव्वासतरा लाख होते. यंत्रात बदल नाही, भावात बदल नाही, केवळ पाच दिवस वाचविल्याने सुमारे पावणेसहा लाख रुपयांची बचत होते. गाठी वेळेवर उचलल्या जाणे, वजन व प्रतवारीचे कागद त्याच दिवशी तयार होणे आणि खरेदीदाराकडील वसुलीचा पाठपुरावा करणे या वरवर किरकोळ वाटणाऱ्या कामांचे मोल किती असते, ते या हिशेबावरून दिसून येईल.

बँकांनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज कोणत्या निकषावर द्यावे, याचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल १९७५ मध्ये सादर झाला. केवळ तारण पाहून कर्ज न देता उद्योगाची प्रत्यक्ष गरज, त्याचा साठा व येणे यांचा विचार करावा आणि उद्योगाने स्वतःचाही काही वाटा उचलावा, ही त्याची मुख्य भूमिका होती. आजही कर्जाच्या अर्जासोबत साठ्याचे व येण्याचे तपशील मागितले जातात, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरा पाठ : स्वतःचे भांडवल आणि कर्ज

उद्योग स्वतःच्या पैशावर उभारावा की कर्जावर, हा स्पर्धेतील हमखास प्रश्न असतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे कर्ज स्वस्त असते, कारण व्याज ठरलेले असते आणि त्यापलीकडील नफा मालकाचा असतो. तथापि हे अर्धेच सत्य आहे.

समजा, दोन प्रक्रिया केंद्रांत प्रत्येकी एक कोटी रुपये गुंतविले आहेत. पहिल्याने सर्व रक्कम सभासदांकडून उभारली. दुसऱ्याने ३० लाख रुपये सभासदांकडून घेतले आणि ७० लाख दहा टक्के व्याजाने कर्जाऊ काढले. चांगल्या वर्षी व्याजापूर्वीचे उत्पन्न १५ लाख झाले, तर पहिल्याच्या सभासदांस गुंतवणुकीवर १५ टक्के लाभ होतो. दुसऱ्यास सात लाख व्याज देऊन आठ लाख उरतात आणि ३० लाखांवर त्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के पडते. आता पाऊस दगा देतो आणि उत्पन्न पाच लाखांवर येते. पहिल्या केंद्रास पाच टक्के लाभ होतो. दुसऱ्यास मात्र व्याज पूर्ण भरावे लागते आणि दोन लाखांचा तोटा येतो. असे वर्ष लागोपाठ दोनदा आले, तर सभासदांचे भागभांडवल झपाट्याने घटते.

शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून असलेल्या जिल्ह्यात कर्जाचे प्रमाण बेताचे का असावे, याचे उत्तर या साध्या कोष्टकात आहे. कर्ज वाईट नाही. परंतु ज्याचे उत्पन्न वर्षागणिक मोठ्या प्रमाणात कमी-अधिक होते, त्याने ते जपून काढावे, हा या पाठाचा मथितार्थ होय.

तिसरा पाठ : झीज आणि राखीव निधी

विदर्भाच्या औद्योगिक इतिहासात या पाठाची दोन परस्परविरोधी उदाहरणे आहेत. पहिले उदाहरण नागपूरच्या एम्प्रेस गिरणीचे. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी असावी, हा त्यांचा हिशेब होता. गिरणीसाठी घेतलेली दलदलीची जागा भरून काढली जात असताना एका स्थानिक सावकाराने, हा गृहस्थ जमिनीत सोने पुरत आहे असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले आणि पुढे गिरणीची भरभराट पाहिल्यावर, याने माती घालून सोने काढले अशी कबुली दिली, असे सांगतात. ही भरभराट सहजासहजी आली नाही. जुनी यंत्रे वेळीच बदलणे, नव्या रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग करणे आणि कामगारांसाठी १८८६ पासून निवृत्तिवेतनासारखी तरतूद करणे, ही दूरदृष्टी त्यामागे होती. नफ्यातील काही भाग उद्योगातच पुन्हा गुंतविल्याखेरीज हे शक्य झाले नसते. त्या गिरणीने शंभरांहून अधिक वर्षे काम केले.

दुसरे उदाहरण यवतमाळकरांच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अरुंद मापाचा लोहमार्ग, म्हणजेच ‘शकुंतला’ रेल्वे, विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी बांधण्यात आला. तेथून तो कापूस इंग्लंडातील गिरण्यांकडे जाई. मार्गाची मालकी किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थापनाखालील ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’कडे होती. गाड्या चालविण्याचे काम मात्र मोठ्या रेल्वेकडे, आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आणि पुढे मध्य रेल्वेकडे, होते. कंपनीस उत्पन्नाचा वाटा मिळे. देशातील रेल्वे राष्ट्रीयीकृत झाल्यानंतरही हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत चालले.

एकाच इंजिनाने सत्तर वर्षे सेवा द्यावी, ही बाब कौतुकाची वाटते. वित्तव्यवस्थेच्या विद्यार्थ्याने मात्र तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. मालमत्ता एकाची आणि ती वापरणारा दुसरा, अशी व्यवस्था असेल तर झिजलेले रूळ, पूल व डबे बदलण्यासाठी पैसा कोणी राखून ठेवावयाचा, हा प्रश्न करारातच सुटलेला असावा लागतो. तो न सुटल्यास दोन्ही पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवितात आणि मालमत्ता झिजत राहते. ११३ किलोमीटरच्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील वाहतूक कालांतराने थांबली आणि या मार्गावरील गावांचा स्वस्त प्रवास संपला. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या रुंदमापी मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या प्रकल्पाच्या खर्चात केंद्राबरोबर राज्य शासनाचाही वाटा आहे. एका शतकाच्या अंतराने झालेल्या या दोन लोहमार्गांच्या भांडवल उभारणीची तुलना हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी उत्कृष्ट स्वाध्याय ठरेल.

झिजेचा हिशेब लहान संस्थेसही चुकत नाही. ४० लाख रुपयांचे यंत्र दहा वर्षे टिकणार असेल, तर दरवर्षी चार लाख रुपये घसाऱ्यापोटी बाजूला काढले पाहिजेत. संस्थेस सहा लाखांचे आधिक्य दिसते, म्हणून तिने ते सर्व वाटून टाकले, तर खरे उत्पन्न दोनच लाख होते आणि उरलेले चार लाख हा यंत्राचाच तुकडा वाटला गेला, असे म्हणावे लागेल. दहाव्या वर्षी नवे यंत्र घेण्यास पैसा नसतो. मग शासनाकडे अर्ज जातो किंवा कर्ज काढले जाते. राज्यातील अनेक सहकारी प्रक्रिया संस्था बंद पडण्यास जी निरनिराळी कारणे घडली, त्यांत हे एक आहे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये संस्थेने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावयाचा असतो आणि लाभांशावरही मर्यादा आहे. या तरतुदींचा हेतू सभासदांना लाभापासून वंचित ठेवणे हा नसून, त्यांची संस्था त्यांच्या मुलांपर्यंत टिकावी हा आहे.

शेतकऱ्यांची कंपनी आणि गावातील विद्यार्थी

या साऱ्या विवेचनाचे आज विशेष प्रयोजन आहे. राज्यात १९७२ पासून राबविण्यात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत खरेदी, प्रक्रिया व विक्रीचे आर्थिक व्यवहार महासंघाच्या पातळीवर होत असत. शेतकऱ्याचा संबंध मुख्यत्वे खरेदी केंद्र आणि चुकारा यांच्याशी येई. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपुष्टात आला. त्याच वर्षी तत्कालीन कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा नवा प्रकार अस्तित्वात आला. किमान दहा उत्पादक शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. सभासद व्यक्ती असल्यास भाग कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असते. म्हणजे रूप कंपनीचे आणि तत्त्व सहकाराचे, अशी ही रचना आहे. दरवर्षी सर्वसाधारण राखीव निधी ठेवण्याचे बंधन तिच्यावरही आहे.

केंद्र शासनाने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याची योजना हाती घेतली. तीत प्रत्येक शेतकरी सभासदामागे दोन हजार रुपयांपर्यंत आणि प्रत्येक संघटनेस कमाल पंधरा लाख रुपयांपर्यंत समभाग अनुदानाची तरतूद करण्यात आली. राज्यात २०१८ पासून अंमलात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात यवतमाळ जिल्ह्याचा समावेश होता. त्याद्वारेही शेतकरी गटांस व कंपन्यांस साहाय्य करण्यात आले.

तथापि अनुदानाने कंपनी सुरू होते, ती चालते हिशेबाने. कोरडवाहू शेतकऱ्याने घरखर्चातून वाचवून भरलेली भागाची रक्कम लहान असली तरी तिच्यामागे विश्वास मोठा असतो. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, सभासद ऐकतात आणि ठराव मंजूर होतो. त्या वेळी येणे किती महिन्यांचे आहे, घसारा वजा केला आहे काय, कर्ज भागभांडवलाच्या किती पट आहे, हे तीन प्रश्न विचारणारा एक जरी सभासद सभेत असला, तरी संचालक मंडळ अधिक सावध राहते. असा प्रश्न वैरभावाने विचारावयाचा नसतो. संस्थेची प्रकृती वेळीच तपासून घेण्याचा तो मार्ग आहे.

येथेच चर्चासत्रातून परत आलेल्या विद्यार्थ्याचे स्थान आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी मिळविणे ही त्याची इच्छा रास्तच आहे आणि तीत काही गैर नाही. परंतु जे शास्त्र तो मोठ्या कंपनीच्या ताळेबंदावर शिकतो, त्याची गरज त्याच्या स्वतःच्या तालुक्यातील शेतकरी कंपनीस, दूध संस्थेस आणि महिला बचत गटांच्या संघासही तितकीच आहे.

काय करता येईल

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. महाविद्यालयांतील वाणिज्य विभागांनी वर्षातून एकदा स्थानिक उद्योगाच्या उदाहरणावर स्पर्धा घ्यावी. उदाहरण मराठीतून द्यावे आणि निवेदनही मराठीतून करू द्यावे. विषय एकदा मातृभाषेत पक्का समजला की इंग्रजीतील स्पर्धेची भीती आपोआप कमी होते. परीक्षक म्हणून बँकेचे शाखाधिकारी, सहकार खात्याचे लेखापरीक्षक आणि अनुभवी जिनिंग व्यवस्थापक यांना बोलवावे.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना गणिताच्या तासात चक्रवाढ व्याज शिकविताना त्याची उलट बाजूही दाखविता येईल. एक लाख रुपये दहा टक्के दराने पाच वर्षांत १,६१,०५१ रुपये होतात, हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. पाच वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाचे आजचे मोल त्याच दराने सुमारे ६२,०९२ रुपयेच आहे, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते. चुकारा उशिरा मिळणे म्हणजे प्रत्यक्षात कमी मिळणे, हे या एका उदाहरणावरून त्याच्या ध्यानात येईल.

ग्रामपंचायत सदस्यांस अंदाजपत्रक व कर आकारणीच्या नोंदवह्या परिचयाच्या असतात. नळपाणी योजनेचा पंप किंवा पंचायतीची इमारत यांच्या झिजेचा विचार करून दरवर्षी थोडी रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याचा पायंडा त्यांनी पाडल्यास, तिसऱ्या पाठाचा तो सर्वांत जवळचा उपयोग ठरेल. आपल्या गावातील वाणिज्य पदवीधर तरुण-तरुणींना सभेस बोलावून संस्थांचे ताळेबंद समजावून सांगण्यास सांगणेही कठीण नाही.

कापूस या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला आहे. त्याची रुई, सूत व कापड होताना वाढणारे मोल मात्र बव्हंशी बाहेर गेले. हे मोल जिल्ह्यात राहावयाचे असेल, तर यंत्राइतकीच हिशेबाची जाण आवश्यक आहे. ती जाण असलेले विद्यार्थी आता जिल्ह्यात घडत आहेत. त्यांच्या ज्ञानास गावाच्या सभेत मानाची जागा देण्याचे काम शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी करावयाचे आहे.